ठिणगी कोणाची?

आगपेटी घरोघर पोचली त्यापूर्वी विस्तव पाडायला चकमक लागे. एका हातात गारगोटी, दुसऱ्या हातात पोलादाची वाकडी पट्टी, आणि ठिणगी झेलायला कापूस. पोलाद गारेवर झपकन घासून मारले की ठिणग्या उडत, त्यांतली एखादी कापसावर पडे, आणि फुंकर घालीत घालीत चूल पेटे. गारेच्या पोटात अग्नी दडलेला असतो, अशी माणसांची जुनी समजूत आहे. वस्तुस्थिती तशी नाही. गार कठीण असते; ती पोलादाचा बारीक कीस काढते. घर्षणाने तो कीस इतका तापतो की हवेत येताच पेट घेतो. चकमकीची ठिणगी म्हणजे जळणारे लोखंड. गारेचा फार तर एखादा टवका उडतो. झिजते ते पोलाद. तरीही अग्नीचा मान मात्र गारेला मिळाला.

गोष्ट क्षुल्लक आहे, पण तिच्यातला प्रश्न क्षुल्लक नाही. दोन वस्तू एकमेकींवर आदळतात आणि उजेड पडतो. तो उजेड कोणाचा म्हणायचा? ज्याने वेग दिला त्याचा, जो त्या वेगाने धावत गेला त्याचा, की ज्याच्यावर तो आदळला त्याचा? सहसा आपण हा प्रश्न विचारीतच नाही, कारण आपल्याजवळ एक तयार उत्तर असते. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. सत्कारसमारंभात वक्ते हटकून सांगतात की संकटांनी या माणसाला तेज दिले. मुलांनाही आपण सांगतो, झगडाल तर झळकाल. यात काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण ज्या टाकीचे घाव सोसून एका दगडाचा देव झाला, त्याच टाकीचे घाव देवळाच्या पायरीच्या दगडानेही सोसलेले असतात. आणि मूर्ती घडताना उडालेल्या कपच्या तर कोणी मोजीतही नाही. घावाने देवपण येते, तर मग पायरीला ते का आले नाही?

या प्रश्नाचा विचार करायला मला एक उदाहरण आकाशात सापडले. आकाशातली उदाहरणे एका दृष्टीने सोयीची असतात. तिथे कोणी कोणाचा नातलग नसतो, कोणाचा राग-लोभ नसतो. काय आदळले, किती वेगाने आदळले आणि काय तापले, एवढाच हिशेब असतो. तो स्वच्छ पाहून घेतला म्हणजे मग माणसांकडे वळायला बरे पडते.

दिवाळीच्या दिवसांत रात्री नऊ-दहाच्या सुमारास पूर्वेकडे मृग नक्षत्र वर येऊ लागते. चार कोपऱ्यांचे चार तारे म्हणजे मृगाचे पाय, त्याच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि मागून उगवणारा, तो बाण मारणारा व्याध. अमावास्येच्या रात्री गावाबाहेरच्या अंधारात उभे राहिले तर बाणाच्या जवळच एक पुसट, धुरकट ठिपका नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. तो मृगातला तेजोमेघ. हा सारा प्रदेश वायू आणि धूळ यांच्या प्रचंड मेघांनी भरलेला आहे. तो आपल्यापासून सुमारे १३०० प्रकाशवर्षे दूर आहे, आणि तिथे आजही नवे तारे जन्मत आहेत. त्या तेजोमेघाच्या थोड्या दक्षिणेला, मोठ्या दुर्बिणीतूनच दिसतील अशा, प्रकाशाच्या दोन लहानशा गाठी आहेत. आपली गोष्ट त्या गाठींची.

कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेचे जॉर्ज हर्बिग यांनी १९५१ साली आणि मेक्सिकोचे गिलेर्मो हारो यांनी १९५२ साली आपापल्या परीने या गाठींविषयी लिहिले. तशा जातीच्या शेकडो गाठी पुढे सापडल्या. त्या सर्वांना या दोघांच्या नावाने ‘हर्बिग-हारो वस्तू’ म्हणतात, आणि मृगातल्या या जोडीला त्या यादीत पहिला व दुसरा क्रमांक मिळालेला आहे. गंमत अशी की या गाठी का उजळतात हे बरीच वर्षे कोणाला कळेना. आत तारा दिसत नाही, आणि उजेड तर आहे! नुकतेच जन्मलेले तारेच त्यांच्या पोटात असावेत, असाही तर्क झाला. १९७५ साली रिचर्ड श्वार्ट्झ यांनी निराळा विचार मांडला. या प्रकाशाची जात जोराच्या धडकेने तापलेल्या वायूच्या प्रकाशासारखी आहे, असे त्यांनी दाखवले. म्हणजे गाठींच्या आत दिवा नव्हता. कोणीतरी, कोठून तरी, काहीतरी फेकीत होते आणि ते इथे येऊन आदळत होते.

मग साहजिकच शोध सुरू झाला तो फेकणाऱ्याचा. पहिल्या गाठीच्या जवळच १९७९ साली एक फिकट तारा सापडला, आणि ही सारी करणी त्याचीच, असे वाटू लागले. पण १९८१ साली हर्बिग आणि जोन्स यांनी अनेक वर्षांची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून मोजमाप केले, तेव्हा दिसले की दोन्ही गाठी एकमेकींपासून उलट दिशांना पळत आहेत. म्हणजे त्यांचा उगम दोहोंच्या मध्ये कोठेतरी असला पाहिजे. आणि तिथे तर दुर्बिणीला काहीच दिसत नव्हते. १९८५ साली स्टीव्हन प्रवडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू मेक्सिकोतील रेडिओ दुर्बिणींच्या मोठ्या संचाने तो भाग तपासला. तेव्हा अगदी मध्यावर एक क्षीण ठिपका मिळाला. तोच खरा जनक तारा, अजून पुरता न जन्मलेला, धुळीच्या दुलईत असा गुरफटलेला की त्याचा दृश्य प्रकाश बाहेर पडतच नाही. ज्याला श्रेय दिले होते त्या बिचाऱ्या ताऱ्याने काही खोटा दावा केला नव्हता. तो जवळ होता आणि दिसत होता, एवढेच. पण श्रेय मिळायला बहुधा तेवढे पुरते.

हा न जन्मलेला तारा फेकतो तरी कशासाठी? मेघाचा एखादा भाग स्वतःच्या भाराने आत कोसळू लागला म्हणजे तारा घडू लागतो. पण कोसळणाऱ्या वायूला मुळातच थोडी फिरकी असते. फुगडी घालणाऱ्या मुली हात आखडून जवळ आल्या की गिरकी वाढते, तसा तो वायू आत सरकेल तसा अधिक गरगर फिरू लागतो. आणि फार फिरू लागला की आत येईनासाच होतो. त्याची ताऱ्याभोवती एक तबकडी बनून राहते. आता तारा वाढायचा तर ती फिरकी कोणीतरी बाहेर नेली पाहिजे. ते काम करणाऱ्या साधनांपैकी एक म्हणजे हा झोत. चुंबकीय शक्तीच्या रेट्याने तबकडीतला थोडा वायू वर आणि खाली अशा दोन विरुद्ध दिशांना, सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने फेकला जातो आणि जाताना फिरकीचा भार घेऊन जातो. ढोबळ मानाने ताऱ्यावर दहा भाग वायू पडतो तेव्हा एक भाग असा बाहेर जातो. अंगणातले भुईचक्र ठिणग्या फेकते ते फिरण्यासाठी. हा तारा फेकतो ते फिरकी उतरवण्यासाठी. कोणाला उजळावे असा त्याचा हेतू नाही आणि कोणाला मारावे असाही नाही. त्याला तारा व्हायचे आहे, आणि काही टाकल्याशिवाय ते होता येत नाही.

फेकलेला वायू निघाला, शेकडो वर्षे धावला, आणि सूर्यापासून पृथ्वीच्या अंतराच्या हजारो पट दूर जाऊन त्याच मेघाच्या उरलेल्या वायूवर आदळला. अशा धडकेत वेगाची उष्णता होते, आणि ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला शंभर किलोमीटर वेगाची सरळ धडक बसली तर वायू सुमारे दीड लाख अंश तापतो. वेग दुप्पट झाला तर उष्णता चौपट. सेकंदाला पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास गेले की तापमान दहा लाख अंशांवर पोचते, आणि इतका तापलेला वायू क्ष-किरण सोडू लागतो. इस्पितळात हाड मोडले का ते पाहतात, त्याच कुळीचे हे किरण. तेव्हा धडकेचा तर्क खरा असेल तर सर्वांत जोमदार गाठींतून क्ष-किरण आलेच पाहिजेत, असे गणित सांगत होते. पण ते अनेक वर्षे कोणाला दिसले नव्हते.

क्ष-किरण आपल्या हवेतून खाली येत नाहीत. त्यासाठी दुर्बीण आकाशात न्यावी लागते. २३ जुलै १९९९ रोजी अमेरिकेने अशी एक दुर्बीण सोडली आणि सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या स्मरणार्थ तिचे नाव ‘चंद्रा’ ठेवले. तिचे आरसे नेहमीच्या आरशांसारखे नाहीत. समोरून आलेला क्ष-किरण आरशात घुसून नाहीसा होतो. पण संथ पाण्यावर चपटी ठिकरी तिरकी मारली की ती जशी उसळून पुढे जाते, तसा अगदी तिरका आलेला क्ष-किरण आरशाला चाटून वळतो. म्हणून त्या दुर्बिणीचे आरसे एकात एक बसवलेल्या नळ्यांसारखे आहेत. त्या दुर्बिणीने मृगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गाठीकडे पाहिले, आणि २००१ साली ज्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला, त्यांत पुन्हा स्टीव्हन प्रवडोच होते. गाठीच्या पुढच्या कडेपाशी सुमारे दहा लाख अंश तापलेला वायू होता. हाती आले होते मूठभर क्ष-किरण. पण जिथून यायला हवेत तिथूनच आले होते, आणि जितके यायला हवेत साधारण तितकेच.

पुढच्या कडेपाशीच का? कारण पूर्ण धडक तेवढीच असते. होडी पाणी कापीत जाते तेव्हा नाळेपाशी पाणी उसळते आणि दोन्ही बाजूंना तिरके सरकत जाते. झोताचेही तसेच. अग्राशी सरळ टक्कर, बाजूंना तिरपी घसट. बाजूंचा वायूही तापतो, पण क्ष-किरण देण्याइतका नाही. सगळ्या झोताच्या शक्तीपैकी फारच थोडा अंश या किरणांच्या रूपाने बाहेर पडतो.

आता आपला मूळचा प्रश्न विचारू या. हा उजेड कोणाचा?

ताऱ्याचा म्हणावे तर वेग खरोखरच त्याने दिला. आडवे आलेल्या मेघाने काही वेग निर्माण केला नाही. हे नीट लक्षात घेतले पाहिजे, कारण संकटांनी तेज दिले असे म्हणताना आपण नेमके इथेच चुकतो. अडथळा वेग देत नाही. असलेल्या वेगाचे रूप पालटतो. जिथे वेगच नाही तिथे कितीही मोठा मेघ आडवा आला तरी अंधारच राहील. पण उजेड ताऱ्याचाच म्हणावे तर तो तिथे हजर कोठे आहे? तो धुळीत झाकलेला आहे आणि त्याचे काम फेकताक्षणीच झालेले आहे. फिरकी उतरली, त्याचा हेतू साधला. पुढे ते फेकलेले कशावर आदळले की नाही याने त्याचे काहीच बिघडत नाही. समोर मेघ नसता तर उजेड पडला नसता, पण तारा तेवढाच घडला असता.

मग उरले दोघे: धावणारा झोत आणि आडवा आलेला मेघ. या दोघांत कोण तापतो? इथे निसर्गाचा नियम मोठा विचार करायला लावणारा आहे. धडकेच्या जागी दोन्ही बाजूंचा दाब सारखाच असतो. धक्का दोघांना सारखाच बसतो. पण तोच धक्का दाट वायूला थोडासा हलवतो आणि विरळ वायूला पार भिरकावून देतो. वेगात ज्याच्या अधिक फरक पडला तो अधिक तापतो. म्हणून झोत दाट आणि मेघ विरळ असेल तर तापतो तो मेघ. मेघ दाट आणि झोत विरळ असेल तर मेघ जागचा फारसा हलत नाही. झोतच भिंतीवर आपटल्यासारखा थबकतो आणि स्वतः पेटतो. टकरीत दोघेही असतात, धक्काही सारखाच असतो, पण जळतो तो विरळ असलेला.

आणखी एक हिशेब राहिला. तापलेला वायू प्रकाश टाकून निवतो. ती उष्णता किरणांच्या रूपाने दाही दिशांना निघून जाते. पण धक्का कोठे जात नाही. झोताने दिलेला रेटा मेघात मुरतो, आणि प्रकाश संपल्यावरही मेघातला कितीतरी वायू हळूहळू, सेकंदाला काही किलोमीटरच्या गतीने, सरकत राहतो. तो काही अंशी विस्कटतो. जो वायू एरवी त्याच ताऱ्यावर पडला असता किंवा दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या घडणीला लागला असता, तो पांगतो. प्रकाश निघून जातो, धक्का मागे राहतो. तेराशे वर्षांनी आपल्या दुर्बिणीला मिळतो तो प्रकाश; मेघाच्या वाट्याला राहतो तो धक्का.

आता माणसांकडे वळू. आकाशातला नियम माणसांना जसाच्या तसा लागू होतो असे मी मानीत नाही. वायूला दुःख होत नाही, आणि माणसाला इच्छा असते. पण आकाशातून प्रश्न शिकून यावा आणि उत्तर आपल्या घरात शोधावे, याला काही हरकत नसावी.

धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्यानंतर ती दोघे कोकणात मुरुडला गेली तेव्हा गावाने त्यांना वाळीत टाकले. पुढे १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तो हिंगण्याला नेला, आणि १९१६ साली महिला विद्यापीठ उभे केले. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना ‘भारतरत्न’ मिळाले. ही कथा आपण मुलांना सांगतो आणि सांगावीच. समाज दाट होता आणि कर्वे एकटे होते. त्या टकरीत जळायचे ते त्यांनाच जळावे लागले, आणि तो उजेड त्यांचाच होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण त्याच माणसाची दुसरी एक टक्कर चालू होती, ती घरात. पैसा आश्रमाकडे जाई आणि संसार ओढगस्तीत चाले. गोदूबाईंनी, म्हणजे आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांनी, उतारवयात आपल्या आठवणी सांगितल्या. त्या १९४४ साली ‘माझे पुराण’ या नावाने प्रसिद्ध झाल्या. एका थोर माणसाचा संसार म्हणजे काय असतो, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने ते पुस्तक वाचावे. तिथे तक्रारीचा सूर नाही, पण हिशेब चोख आहे. समाजापुढे जो झोत विरळ, तोच घरापुढे दाट असतो. रस्त्यावर जो माणूस स्वतः जळतो, त्याच्याच वेगाने घर तापत असते. आणि रस्त्यावरचा उजेड सर्वांना दिसतो, घरातली ऊब मात्र कोणी ‘तेज’ म्हणून मोजीत नाही.

यावर कोणी म्हणेल, बाया म्हणजे काही नुसत्या आडव्या आलेल्या मेघ नव्हत्या. हे अगदी खरे. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकायला गेलेली पहिली विधवा ती त्याच. त्या काळात विधवेने पुनर्विवाहाला उभे राहणे ही त्यांची स्वतःची झेप होती; तिचा वेग कोणी उसना दिलेला नव्हता. म्हणून तर माझा प्रश्न अधिकच टोकदार होतो. जिच्या अंगी स्वतःचा वेग होता तिलादेखील आपण थोराची सहधर्मचारिणी म्हणून एका वाक्यात आटोपतो. मग ज्या घरांतल्या बायकांनी आठवणी सांगितल्याच नाहीत त्यांचे काय? मृगातल्या त्या दोन गाठींचे श्रेय आधी जवळच्या, दिसणाऱ्या ताऱ्याला मिळाले. पुढे कोणीतरी मोजमाप केले म्हणून ते सुधारले. घरांची मोजमापे कोण करणार?

आणि थोरांचीच गोष्ट कशाला हवी? आपल्या साध्या घरांतही हे रोज घडते. मुलाला कठोरपणे वागवले की तो घडतो, असे मानणारे पुष्कळ वडील मी पाहिले आहेत. त्यांचा हेतू वाईट नसतो; त्या ताऱ्याप्रमाणे तेही स्वतःची काही फिरकी उतरवीत असतात. दिवसभराचा अपमान, नोकरीतली घुसमट, हुकलेली संधी, असे काही ना काही फेकायचे असते आणि समोर मूल असते. बाप दाट, मूल विरळ. टक्कर एकच, पण तापते ते मूल. पुढे त्या मुलाने नाव काढले तर सगळे म्हणतात, बापाच्या शिस्तीने घडला. नाव काढले नाही तर त्याच शिस्तीची आठवणही कोणी काढीत नाही. पायरीच्या दगडाला विचारतो कोण? मुलाच्या अंगचा वेग मुलाचा असतो. आडवे येऊन आपण फार तर तो वेग उष्णतेत घालवतो, आणि चमक दिसली की ती आपण दिली असे समजतो. चमक चार दिवसांत जाते. धक्का त्याच्यात मुरून राहतो आणि पुढे त्याच्या मुलांपर्यंत पोचतो.

तर मग फेकूच नये काय? वेगच नको, थोरपणच नको, घर तेवढे सुखी असावे, असे म्हणायचे काय? तसे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. टाकल्याशिवाय तारा होत नाही. आपला सूर्यसुद्धा सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी अशाच एका मेघात घडला, आणि त्याच्याही बालपणी असे झोत निघाले असावेत असे शास्त्रज्ञ मानतात. आज आपल्या अंगणात ऊन येते त्याच्या मुळाशी कोणत्या तरी मेघाने सोसलेला धक्का आहे. कर्व्यांनी पैसा घराकडे ठेवला असता तर हिंगणे उभे राहिले नसते. वेगाला दोष देऊन भागत नाही. मात्र दोन गोष्टी आपल्या हाती आहेत. समोर कोण आहे, दाट की विरळ, हे पाहून आदळावे. तारा हे पाहू शकत नाही, माणूस पाहू शकतो. आणि उजेडाचा हिशेब मांडताना जो तापला त्याचे नाव आधी लिहावे.

याला जोडून आणखी एक गोष्ट त्या झोतांपासून शिकण्यासारखी आहे. तारा सारखाच फेकीत नाही; कधी जोराने, कधी हळू. पहिल्या लोटाने मेघात वाट पाडलेली असते, म्हणून मागून येणारा वायू बराचसा निर्वेध धावतो. त्याच दिशेने पुढे चाललेल्या हळू लोटाला तो कधी गाठतो. पण दोघेही एकाच दिशेला चाललेले, म्हणून ती टक्कर सौम्य होते आणि क्ष-किरण निघण्याइतकी उष्णता सहसा होत नाही. या मागच्या वायूचा वेग काही कमी नसतो. पण त्याला झळकण्याचा प्रसंगच येत नाही. दुर्बिणीला तो अंधारच दिसतो.

मला वाटते, ज्यांनी वाट पाडली त्यांचे खरे यश या अंधारात आहे. आज हजारो मुली पाठीला पिशवी लावून महाविद्यालयात जातात आणि त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. त्यांच्या जाण्यातून कसलीही ठिणगी उडत नाही. त्यांच्यातली कोणी आजीला म्हणेल, ‘आमच्या वेळी झगडायला काही उरलेच नाही!’ तेव्हा आजीने हिरमुसू नये. त्यासाठीच तर ते सारे झाले. ज्या झगड्याचा हेतू पुढच्यांनाही झगडावे लागावे असा असतो, तो झगडा कोणासाठी केला हे मला कळत नाही. आणि ज्यांच्या आयुष्यात टक्कर आली नाही, त्यांना आपण तेजहीन म्हणतो, हा तर उघड अन्याय आहे. त्यांचा वेग आपल्याला मोजता आला नाही, एवढेच त्याचे कारण असू शकते. मेघ आडवा आला तरच दिसेल अशी दुर्बीण आपण डोळ्याला लावलेली असते.

शेवटी ताऱ्याच्या आयुष्याकडे एकदा सबंध पाहावे. झोत फेकण्याचा त्याचा काळ काही लाख वर्षांचा, फार तर त्याहून थोडा अधिक. सूर्यासारख्या ताऱ्याचे पुढचे आयुष्य सुमारे १००० कोटी वर्षांचे. तबकडी विरून जाते, झोत थांबतात, भोवतालचा मेघ पांगतो, आदळायला समोर काही उरत नाही. आणि मग तारा खऱ्या अर्थाने प्रकाशू लागतो. तो प्रकाश कोणावर आदळून निघालेला नसतो. ताऱ्याचा स्वतःचा भार त्याच्या गाभ्यावर पडतो, गाभा तापतो, आणि तिथे तयार झालेली ऊर्जा सावकाश बाहेर येते. ठिणगी कोणाची, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. आपल्याच भाराखाली तापून जो प्रकाशतो, त्याच्या उजेडात दुसऱ्या कोणाचे जळणे मिसळलेले नसते. माणसाला असे संपूर्णपणे कधी जमत असेल असे मला वाटत नाही. पण ज्या घरात एखादे माणूस तसे असते, त्या घरातल्या मुलांना ते लगेच कळते; ती त्याच्याजवळ जाऊन बसतात.